मुळाची टोपी आणि सोनकांबळे मॅडम

प्राध्यापिका विशाखा सोनकांबळे यांच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी लेख द्या, असा संपादकांचा निरोप आला तेव्हा मी आधी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, मॅडमबरोबर संशोधन केलेली मोठमोठी माणसं आहेत, त्यांना विचारा. मी निलंग्याच्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेली बाई, माझा लेख कोण वाचतंय? संपादक म्हणाले, "ती माणसं मॅडमच्या कामावर लिहिणारच आहेत. समिती आली होती तेव्हा काय झालं, ते तुम्ही लिहा. तुम्ही तिथं होतात." होते खरी.

मॅडमची आणि माझी पहिली भेट काही फार गोडीची झाली नाही. लातूर नवा जिल्हा झाला आणि उदगीरच्या तहसील कचेरीत शिपाई असलेल्या माझ्या बाबांची बदली नव्या कलेक्टर कचेरीत झाली. आम्ही बोचकी बांधून लातूरला आलो. कॉलेजात नाव घालायला बाबा मला घेऊन गेले, तर वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या दाराशी ओलं गोणपाट पसरलेलं. मी त्यावर पाय ठेवणार, तोच आतून आवाज आला, "अगं ए, पाय उचल! खाली माझी मका आहे!" मी तशीच एका पायावर उभी राहिले. जाड चष्म्याच्या, पदर खोचलेल्या एक बाई आतून धावत आल्या, त्यांनी गोणपाटाचं टोक उचलून आधी खालचे दाणे बघितले आणि मग माझ्याकडे बघितलं.

मला रागच आला. माझी जीभ तेव्हाही आवरत नव्हती. म्हटलं, "दारात कुणी बी रुजवतं का?" बाबांनी माझा दंड दाबला. मॅडम मात्र हसल्या. "आत वर पत्रे आहेत गं, दाणे भाजून निघतात. दाराशी सावली आहे." मग बाबांकडे वळून त्यांनी विचारलं, "हिला शेवटपर्यंत शिकवणार ना?" बाबांनी हात जोडले. "हितं हाय तवर शिकंल, बाईसाहेब. भायेर ठिवायची माझी ऐपत न्हाई."

यातली गोम बाहेरच्या वाचकाला सांगायला हवी. आमच्या कॉलेजात तेव्हा बी.एस्सी.ची पहिली दोनच वर्षं होती. तिसऱ्या वर्षाला वनस्पतिशास्त्र घेऊन पदवी मिळवायची तर नांदेड नाहीतर औरंगाबाद गाठावं लागे. मुलं जायची, खोली करून राहायची. मुलींचं शिक्षण मात्र दुसऱ्या वर्षालाच संपायचं. निकाल लागला की लग्न. मॅडमना हे सलत होतं. तिसऱ्या वर्षाच्या वर्गासाठी त्या प्राचार्यांच्या मागे लागल्या, अर्ज करायला लावला. विद्यापीठाची समिती येऊन गेली आणि तिनं नकार दिला. कारण काय, तर प्रयोगशाळेला पाण्याची सोय नाही.

पाण्याची सोय कुणाला होती हो तेव्हा? गावात रोज एका नव्या कचेरीची पाटी रंगवली जायची आणि त्याच पाटीखाली घागरींची रांग लागायची. जिल्हा झाला म्हणून पेढे वाटले गेले, आणि पेढा खाऊन हात धुवायला पाणी नाही अशी गत. टँकर आला की मारामारी. घरोघरी भांडी राखेनं घासायची आणि फडक्यानं पुसून मांडायची. विसळणं ही चैन झाली होती. ताट पूस, पेला पूस, लेकराचं तोंड पूस. आम्हा पोरींचे हात आपोआप फडक्याकडे जायचे.

मॅडमना टंचाईचं नवल नव्हतं. त्या धर्माबादकडच्या एका खेड्यातल्या, बुद्धवाड्यातल्या. आईवडील दुसऱ्याच्या मिरचीच्या रानात मजुरीला जायचे आणि शाळा सुटली की मॅडमही निंदायला. उपटलेल्या तणाची मुळं बघत बसायच्या म्हणून मुकादमाच्या शिव्या खायच्या, हे त्यांनीच आम्हाला हसत सांगितलं होतं. पुढे शिष्यवृत्तीवर शिकल्या आणि ज्वारीच्या मुळाच्या टोकावर संशोधन केलं. आमच्या काळ्या रानात, वर भेगा पडलेल्या असताना, एवढंसं कोवळं टोक खाली कसं घुसतं, हा त्यांचा जन्माचा प्रश्न. स्टाफरूममध्ये त्यांच्या नेमणुकीवरून कुजबुजणारी तोंडं होतीच. एकदा एक प्राध्यापक सगळ्यांदेखत म्हणाले, "मॅडम, जमिनीवरचं सोडून तुम्ही जमिनीखाली काय शोधता?" मॅडम म्हणाल्या, "वरचं तुम्हाला सगळ्यांना दिसतंच की सर. तिथं माझी काय गरज?" त्यानंतर ते गृहस्थ मॅडमच्या वाटेला गेले नाहीत.

त्यांचं शिकवणंही असंच, थेट. मूळ टोकाकडून वाढतं हे आम्ही पाठ केलेलं होतं. मॅडमनी मक्याचं कोवळं मूळ एकेकीच्या बोटाला टेकवलं. बुळबुळीत लागलं. "काय आहे?" त्यांनी विचारलं. माझ्या शेजारी बसणारी सुलभा बिरादार, उदगीरकडच्या मोठ्या शेतकऱ्याची मुलगी, लातूरला मावशीकडे राहून शिकणारी, पटकन म्हणाली, "लाळ हाय मॅडम!" सगळा वर्ग खिदळला. मॅडम म्हणाल्या, "हसू नका, लाळच म्हणा तिला." आणि मग त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं. टोकाच्या किंचित मागे एक जागा असते, तिथं सारख्या नव्या पेशी तयार होतात. त्यातल्या काही मागच्या अंगाला जातात, लांबतात आणि टोकाला पुढे रेटतात, ते मूळ. काही पुढच्या अंगाला जातात. त्यांची होते टोपी. ही टोपी मातीशी घासते, तिच्या बाहेरच्या पेशी सुटून पडतात, जाताना हा बुळबुळीत रस सोडून जातात, आणि त्या रसामुळे मुळाला वाट मिळते. तोवर आतून नव्या पेशी आलेल्याच असतात. टोपी रोज झिजते आणि रोज होते.

"आणि खाली कुठं आहे, हे मुळाला कोण सांगतं?" मॅडमनी विचारलं. मग त्यांनीच सांगितलं, "टोपीच सांगते. तिच्या पेशींत पिष्टाचे जड कण असतात. मूळ आडवं पडलं की कण खालच्या बाजूला जाऊन बसतात. टोपी तो निरोप मागे धाडते आणि मूळ वळतं." त्या तासाला मी घड्याळाकडे एकदाही बघितलं नाही, आणि मी घड्याळाकडे न बघणं ही सोपी गोष्ट नव्हती.

पहिल्या नकारानं मॅडम खचल्या नाहीत, उलट पेटल्या. पाणी नाही म्हणता? मग पाण्यावाचून चालणारी प्रयोगशाळाच दाखवते, म्हणाल्या. मुळाला अंकुरताना पाण्याची धार लागत नाही, ओल लागते. माशांची जुनी काचेची पेटी त्यांनी कुठूनशी मिळवली. तळाला ओलं गोणपाट, आत काचेच्या पट्टीवर रांगेनं बांधलेले मक्याचे दाणे, आणि त्यांची मुळं सरळ खाली लोंबणारी. तांब्याभर पाण्यात सगळं भागायचं. समिती पुन्हा यायची ठरली तेव्हा बेत असा होता की सकाळी सगळ्यांसमोर पट्टी आडवी करायची, आणि पाहुणे ग्रंथालय बघून, जेवून परत येईपर्यंत मुळांची टोकं खाली वळलेली दाखवायची. डोळ्यांसमोर घडणारा प्रयोग. यात खोट काढायला कुणाला जागाच नव्हती.

समितीचा निकाल काय लागतो यावर आमच्या वर्गातल्या मुलींचं सगळं अवलंबून होतं. माझ्या घरी तर अहमदपूरचं एक स्थळ रविवारी बघायला येणार होतं. बाबांनी स्पष्ट सांगितलं होतं, "वर्ग हितं झाला तर शिक. न्हाई झाला तर मंग मला दोष देऊ नगं." बाबा दुष्ट नव्हते. त्यांच्या हातात तेवढंच होतं.

समिती येणार त्या पहाटे गावावर वावटळ सुटली. आम्ही मुली झाडलोट करायला सकाळी लवकर गेलो तर खिडकीची फळी उघडी पडलेली, पेटीचं झाकण सरकलेलं, आणि बुळबुळीत टोकांना धूळ चिकटून ती काळी झालेली. मॅडम पाहुण्यांना घ्यायला प्राचार्यांबरोबर गेल्या होत्या. मी बाहेरचा व्हरांडा झाडत होते. आत सुलभा होती. तिनं ती काळी टोकं बघितली, पाहुणे काय म्हणतील असं मनात आलं, आणि दुष्काळात वाढलेल्या कुठल्याही शहाण्या मुलीनं जे केलं असतं तेच तिनं केलं. ओलं फडकं घेतलं, एकेक मूळ चिमटीत धरलं आणि वरून खाली स्वच्छ पुसून काढलं. मुळं कशी पांढरीशुभ्र झाली. मला बोलावून दाखवलीसुद्धा. मीही म्हटलं, वा.

समितीचे अध्यक्ष बाहेरगावचे, वनस्पतिशास्त्रातलेच वयोवृद्ध प्राध्यापक. कडक इस्त्रीचे कपडे आणि त्याहून कडक चेहरा. त्यांनी स्वतःच्या हातानं पट्टी आडवी केली. "बघू," एवढंच म्हणाले आणि गेले. दुपारी जेवून आले. आम्ही भिंतीला चिकटून उभ्या. त्यांनी पेटीत वाकून बघितलं आणि पुन्हा बघितलं. मुळं लांबली होती, चांगली लांबली होती, पण आडवीच्या आडवी. एकही टोक खाली वळलेलं नव्हतं. अध्यक्ष सरळ झाले आणि म्हणाले, "बाई, तुमच्या मक्याला खाली कुठं आहे ते ठाऊक नाही वाटतं." समितीतले बाकीचे हसले. दारात उभे असलेले आमच्या स्टाफमधले एकदोघेही हसले, ते मी आजतागायत विसरलेले नाही.

मॅडमनी भिंग घेतलं. एक मूळ बघितलं, दुसरं बघितलं. भिंग खाली ठेवलं आणि आमच्याकडे वळून हळू आवाजात विचारलं, "मुळांना कुणी हात लावला होता का?" सुलभाचा चेहरा पांढराफटक पडला. ती तोंड उघडणार, तेवढ्यात मॅडमनी तिच्याकडे बघून नकारार्थी मान हलवली. त्याच वेळी प्राचार्यांनी मॅडमना व्हरांड्यात बोलावलं. मी दाराशीच होते, मला सगळं ऐकू आलं. प्राचार्य घामाघूम झाले होते. "मॅडम, दाराशी गोणपाटात रुजवलेली रोपं आहेत ना? टाचण्या लावून वाकवा नि आणून ठेवा. मी ह्यांना चहाला नेतो." मॅडम म्हणाल्या, "नाही सर." "मग त्या पोरीचं नाव सांगा आणि मोकळ्या व्हा. विद्यार्थिनीनं घोळ घातला म्हणा. मी तिला त्यांच्यासमोर रागावतो." मॅडम पुन्हा म्हणाल्या, "नाही सर." प्राचार्य चिडले. "मग वर्ग गेला म्हणून समजा! हे सगळं तुमच्यामुळे!"

खरं सांगते, त्या वेळी मला मॅडमचा भयंकर राग आला. टाचण्या लावल्या असत्या तर काय आभाळ कोसळणार होतं? वर्ग मिळाला असता. नाहीतर सुलभाचं नाव सांगायचं, तिला काय, घरचं रान होतं. माझं काय? असं सगळं माझ्या मनात आलं आणि रडू फुटेल म्हणून मी ओठ चावत उभी राहिले.

मॅडम आत आल्या. पदर सारखा केला. "सर," त्या अध्यक्षांना म्हणाल्या, "या मुळांच्या टोप्या निघाल्या आहेत. मक्याची टोपी पुसली तर अख्खी अलगद निघते. हे मी मुलींना सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. चूक माझी आहे. टोपी नाही म्हणून मूळ वळलं नाही."

"सबब चांगली आहे," अध्यक्ष म्हणाले.

"सबब नाही सर. आतली वाढीची जागा शाबूत आहे. टोपी पुन्हा तयार होईल. उद्या सकाळी ही मुळं खाली वळलेली असतील. नसतील तर तुम्ही लिहाल ते मला मान्य."

"उद्या सकाळी आम्ही नांदेडला निघतो."

"जाता जाता थांबा."

अध्यक्षांनी पेटीत आणखी एकदा वाकून बघितलं. मग म्हणाले, "ठीक आहे. पण खोलीला कुलूप मी लावणार. किल्ली माझ्याजवळ राहील."

झालं! बरोबरच होतं म्हणा त्यांचं. पण आमच्या तोंडचं पाणी पळालं. बाहेर ऊन रणरणत होतं, वर तापलेले पत्रे, आणि पेटीतलं गोणपाट एव्हाना वाळत आलं होतं. उद्यापर्यंत कुणी आत जायचं नाही म्हणजे आत्ताच भरपूर ओल करून ठेवायला हवी. आणि पाणी कुठं होतं? कॉलेजचं पिंप कोरडं, टँकर आलेला नव्हता. मॅडम म्हणाल्या, "एवढ्यात आले सर," आणि भर उन्हात निघाल्या. घर मागच्याच गल्लीत होतं. कमरेवर घागर घेऊन परत आल्या आणि त्यांच्या मागोमाग त्यांच्या सासूबाई, अनवाणी, ओरडत. "अगं विशाखा, घरातली हीच भरलेली घागर हाय! रातच्याला लेकरं काय पितील?" मॅडम म्हणाल्या, "टँकर येईल आत्या. रात्रीचं रात्री बघू." त्यांनी पेटीतलं गोणपाट भिजवलं, पेटीभोवती गोणपाटं गुंडाळून तीही भिजवली, उरलेलं पाणी जमिनीवर शिंपलं. घागर पालथी केली. सासूबाई दारात बसून राहिल्या. अध्यक्ष हे सगळं बघत होते. त्यांनी कुलूप लावलं, ओढून बघितलं आणि किल्ली खिशात टाकली.

संध्याकाळी टँकरच्या रांगेत मॅडम उभ्या होत्या आणि त्यांच्या शेजारी मी आणि सुलभा. सुलभाचं रडणं थांबत नव्हतं. "मी उद्या येनार न्हाई मॅडम. समद्यांचं वाटोळं केलं म्या." मॅडम तिच्यावर खेकसल्या, "वेडी आहेस का? एवढी वर्षं मी टोपी काढलेलं मूळ वर्गात दाखवलं नाही. तू दाखवलंस. प्रयोग आता तुझा झाला, तो टाकून कुठं जातेस?" आणि त्या रांगेतच, मागच्या बायका घागरी आपटत असताना, त्यांनी तिला पुन्हा सगळं समजावलं. टोपी गेली तरी मूळ का वाढतं, वळत का नाही, नवी टोपी कुठून येते. सुलभा नाक पुसत ऐकत होती. मला मात्र काही ऐकू येत नव्हतं. मी मनातल्या मनात अहमदपूरच्या पाहुण्यांसमोर चहाचा ट्रे घेऊन उभी होते.

घरी गेल्यावर आईनं रविवारी नेसायची साडी काढून ठेवलेली दिसली. मी बाबांना टोपीचं सांगायला लागले. बाबा म्हणाले, "मला त्यातलं काय कळत न्हाई, पद्मे. होतंय का वर्ग, तेवढं सांग." मी म्हटलं, "उद्या कळेल." त्या रात्री मला झोप लागली असं मी म्हणणार नाही.

सकाळी अध्यक्षांची जीप आली. नांदेडची घाई होती, बाकीचे दोघे जीपमधून उतरलेसुद्धा नाहीत. अध्यक्षांनी कुलूप उघडलं. आतून भट्टीसारखी झळ आली. भोवतीची गोणपाटं कडक वाळली होती. मॅडमनी पेटीवरचं गोणपाट बाजूला केलं. तळाला अजून ओल होती. अध्यक्षांनी वाकून बघितलं. मी मॅडमच्या चेहऱ्याकडे बघत होते, कारण पेटीकडे बघायची माझी हिंमत नव्हती. मॅडमचे ओठ गच्च मिटलेले होते, आणि मग ते थरथरायला लागले.

मुळं वळली होती! कालचा भाग आडवाच होता, आणि त्याच्यापुढची नवी टोकं खाली, सरळ जमिनीकडे. अगदी कडेचं एक तेवढं अजून आडवंच होतं. अध्यक्षांनी भिंग मागितलं. एकेक टोक बघितलं. बाहेर जीपचा हॉर्न वाजला, तिकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. मग विचारलं, "टोप्या कुणी काढल्या होत्या?"

मॅडम म्हणाल्या, "सर, मी काल सांगितलं की चूक..."

"म्या काढल्या सर," सुलभा पुढे झाली. "धूळ बसली व्हती. फडक्यानं पुसून घेतलं."

प्राचार्यांनी डोळे मिटून घेतले. अध्यक्ष म्हणाले, "मग सांगा, काल ते सरळ का गेलं?"

"टोपी न्हवती सर. मूळ वाढतंय तसंबी, त्याची वाढायची जागा मागं हाय. पर टोपीबिगर खाली कुठं हाय ते त्याला कळत न्हाई. नवी टोपी आली, तिच्यात पिष्टाचे कण भरले, तवा कळलं."

"आणि हे कडेचं?"

सुलभानं वाकून बघितलं. "ह्याची टोपी अजून व्हायची असंल. न्हाईतर म्याच जास्त घासलं असंल. उद्या बघायला पायजे सर."

अध्यक्षांनी भिंग मॅडमच्या हातात परत दिलं. "उद्या मी नांदेडात असेन," ते सुलभाला म्हणाले. "तुम्ही बघा, आणि तिसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात लिहा." मग मॅडमना हात जोडून जीपकडे निघाले. तिसऱ्या वर्षाच्या! हे आमच्या डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला. शिरलं तेव्हा मी किंचाळले. प्राचार्य पेढे आणायला शिपाई धाडायला लागले आणि मॅडम स्टुलावर बसून चष्मा काढून हमसून हमसून रडल्या. त्यांना रडताना आम्ही पहिल्यांदा बघितलं. आम्हीही रडलो, काय करणार!

मी घरी पळत गेले. बाबा कचेरीत होते, म्हणून तिकडे पळाले. कलेक्टर कचेरीच्या आवारात, सगळ्या बाबूलोकांसमोर, धापा टाकत सांगितलं. बाबांनी टोपी काढली, घाम पुसला आणि काही न बोलता आत गेले. वाटलं, रागावले. थोड्या वेळानं बाहेर आले ते साहेबांना विचारून, तारघरात जाऊन अहमदपूरला निरोप धाडायला. "काय कळवनार?" मी विचारलं. म्हणाले, "येऊ नका म्हनतो. पोरगी परीक्षेला बसनार हाय."

त्यानंतर मॅडमनी त्या वर्गाला निवृत्त होईपर्यंत शिकवलं. किती मुली त्या वर्गातून बाहेर पडल्या, कितीजणींच्या बापांना मॅडमनी घरी जाऊन समजावलं, ते बाकीचे लेखक सांगतीलच. मी एवढंच सांगते की मॅडमनी आम्हाला कधीही जवळ घेऊन गोंजारलं नाही. त्या ओरडायच्या. चुकीचं चित्र काढलं तर वही परत फेकायच्या. आणि आम्ही चुकलो की दुसऱ्यासमोर मात्र स्वतःवर घ्यायच्या.

या लेखासाठी मी परवा सुलभाला फोन केला. ती नांदेडला वनस्पतिशास्त्राची विभागप्रमुख होती, तिथंच स्थायिक झाली. म्हटलं, तुझं नाव घालू का? आता जाहीर होईल की टोप्या तू पुसल्यास. ती पलीकडून हसली. "घाल की. मला आता कशाची भीती?" मग म्हणाली, "पद्मा, त्या दुपारी मॅडमनं माझं नाव घेतलं असतं ना, तर मी दुसऱ्या दिवशी कॉलेजला आलेच नसते. मावशीनं मला त्याच संध्याकाळी उदगीरच्या गाडीत बसवलं असतं. आन् मी आज कुणाची तरी सून असते, बस. एवढंच लिही माझ्याकडून."

लिहिलं बाई. आता शुभेच्छा द्यायच्या, तर मोठे शब्द मला येत नाहीत. मॅडम, खूप जगा. डॉक्टर सांगतात त्या गोळ्या वेळेवर घ्या, सकाळी फिरायला जाताना काठी घेऊन जा, लाजू नका. हा लेख वाचून काही चुकलं असेल तर फोन करून मला चांगलं खडसवा. तुम्ही खडसवायला आहात, तोवर आम्ही मुली आहोत.